पंधरावा चिंचोका

१

चौदा माणसांनी पंधरा मतं दिली.

तीही भर दुपारी, भल्या घरात, अंगरखे-पागोटी घातलेल्या भल्या माणसांनी. सन अठराशे चौऱ्याऐंशीच्या माघातल्या एका शनिवारी कल्याणच्या लोकविचार सभेत हे घडलं, आणि सभापती अंताजीपंत फणसळकरांच्या डोळ्यांदेखत घडलं, असं लोक पुढे बरेच दिवस म्हणत. ते ऐकलं की पंत मान खाली घालत. का घालत, तीच ही हकिकत.

लाटसाहेबांनी गावोगावच्या कमिट्यांत लोकांनी निवडलेली माणसं बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा कल्याणातल्या सोळा शहाण्यांनी ठरवलं की राज्य चालवायचं तर आधी घरात हात बसवून घ्यावा. विलायतेच्या पार्लमेंटाबरहुकूम सभा निघाली. ज्यांच्या बाजूला माणसं जास्त त्यांचं सरकार, उरलेला तो विरुद्ध पक्ष. सरकारवरचा सभेचा विश्वास उडाला की सरकारने निमूट उठून समोरच्या बाकावर जायचं. राज्य म्हणाल तर पुस्तकांची दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं आणि एक मागे पडणारं घड्याळ, एवढंच. पण मोरेश्वर वकील त्या राज्याचे प्रधान म्हणून असे मिरवत की खुद्द कलेक्टरसाहेबाने उठून जागा द्यावी.

सभापतीला मात्र पक्ष नाही. त्याने उंच खुर्चीवर बसायचं, भांडणारांना आवरायचं आणि मत द्यायचं नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच त्याचं एक मत, आणि तेही सर्वांसमक्ष, उघड. पंत मामलेदार कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. खोटा दस्तऐवज शाईच्या वासावरून ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती. त्यामुळे खुर्ची त्यांनाच शोभते यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं, आणि पंतांचंही होतं.

त्या शनिवारचा ठराव साधा होता. सभेत काळुराम नावाचा एकच आगरी सभासद. ठाकुर्लीच्या पलीकडे खाडीकाठच्या गावचा, मिठागरावर राबणारा. स्वतःच्या स्वतः अक्षरं शिकलेला. दोन वर्षांपूर्वी वकिलांनी हमी घेतली म्हणून तो आत आला होता. आता त्याने गावातल्या भिवा आणि गणू या दोघांना वाचायला शिकवलं होतं. त्यांनाही सभासद करून घ्यावं, असा ठराव वकिलांच्या सरकारने मांडला. विरुद्ध पक्षाचे पुढारी अप्पाशास्त्री कडाडले. "एक आला तेव्हा आम्ही गप्प बसलो. आता दोन. उद्या अख्खं गाव येऊन गादीवर बसेल!" वकीलही इरेला पेटले. हा ठराव पडला तर माझं सरकार पडलं असं समजा, असं ते सांगून बसले.

मत घेण्याची सभेची रीत तिची स्वतःची होती. विलायतेत होकाराचे लोक एका दाराने जातात आणि नकाराचे दुसऱ्या. इथे तसं उघड कसं जमावं? पुतण्याने चुलत्याविरुद्ध, कारकुनाने रावसाहेबाविरुद्ध तोंडावर कसं जायचं? म्हणून यांनी तोड काढली. सभा भरायची हौसाबाईंच्या घरात. दिवाणखान्यामागे अंधारं माजघर. त्याला दोन दारं, एक बोळातून पुढच्या रस्त्याकडे जाणारं आणि दुसरं मागच्या पडवीत उघडणारं. दोन्ही दारांना घोंगडी टांगायची, जमिनीपासून हातभर वर. पंत नावं पुकारतील तसं एकेकाने माजघरात जायचं. होकार असेल तर पुढच्या दाराने, नकार असेल तर मागच्या दाराने बाहेर पडायचं, वळसा घालून रस्त्यावर यायचं आणि घराकडे पाठ करून उभं राहायचं. प्रत्येक दाराशी आतल्या बाजूला एक मोजणारा मान खाली घालून बसे. घोंगडीखालून येणाऱ्या उजेडात त्याला दिसत ते फक्त पाय. पाय गेले की मडक्यात एक चिंचोका टाकायचा. मोजणारे दोघे दोन पक्षांचे, म्हणून त्यांची मतं धरायची नाहीत. तोंड पाहिलं नाही म्हणजे भिडेचा प्रश्न मिटला, असा सगळ्यांचा समज होता.

चौदा नावं पुकारून झाली. दिवाणखाना रिकामा झाला. पंतांचा मनातला हिशेब सातास सात असा येत होता, आणि तसं झालं तर उघड मत द्यायची पाळी आपल्यावर येणार, या विचाराने त्यांच्या घशाला कोरड पडली होती. दोन घोट पाणी पिऊन ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि त्यांनी घंटा वाजवली.

मडकी सर्वांसमोर रिकामी केली. पुढच्या दाराचे सात चिंचोके. मागच्या दाराचे आठ.

ठराव पडला. सरकार पडलं. वकील उठून समोरच्या बाकाकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले.

"पंत," ते म्हणाले, "सात आणि आठ पंधरा होतात. नावं तुम्ही चौदा पुकारलीत."

२



पहिले बोलले ते अप्पाशास्त्री. "घंटा झाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आपण सगळे रस्त्यावर होतो. एक माणूस तेवढा परसाच्या बाजूने येत होता."

सगळ्यांच्या माना काळुरामकडे वळल्या. तो नेहमीसारखा दाराजवळ, सतरंजीच्या कडेला बसला होता.

"काळुराम, परसाच्या बाजूला कशाला गेला होतास?" पंतांनी विचारलं.

"पानी पियाला गेलतो, पंत."

"कोणी पाहिलं?"

काळुरामने एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "कोनी नाय."

मग पंतांनी मागच्या दाराशी बसलेल्या सहदेव सोनाराला विचारलं, "बाहेर जाणारे सोडून, मागच्या दाराने कोणाचे पाय आत आले का?"

सहदेव म्हणाला, "आले खरे. एकदा."

झालं. शास्त्रीबुवांनी तिथल्या तिथे उलगडा करून टाकला. काळुराम पुढच्या दाराने गेला, वळसा घालून मागच्या दाराने आत शिरला आणि पुन्हा पुढच्या दाराने बाहेर पडला. म्हणजे होकाराचे सात नव्हेत, सहाच. ठराव पडला तो पडलाच, वर लबाडीही उघडी झाली. ऐकायला सगळं चपखल होतं. पंतांना तर ते इतकं सोयीचं वाटलं की त्यांनी आणखी एक प्रश्नही विचारला नाही. खोट्या दस्तऐवजात पहिल्यांदा कोणाची सोय आहे ते शोधावं, हे तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला हा माणूस.

"सभेच्या पटावरून काळुरामचं नाव कमी करण्यात येत आहे," पंत म्हणाले.

वकिलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पडलेल्या सरकारचा आवाजही पडलेला असतो.

काळुराम उठला. वाचायला नेलेलं पुस्तक त्याने काखेतून काढून कपाटात जागच्या जागी ठेवलं. मग म्हणाला, "पंत, माज्या नावावर रेग मारा. पन म्या काय बोललो त्येबी वहीत लिवा. मी येकदाच गेलू."

"लिहितो," पंत म्हणाले.

सभेचं इतिवृत्त पंत स्वतःच लिहीत. दुसऱ्याच्या अक्षरावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी सगळं सुवाच्य लिहिलं. काळुरामचं वाक्य तेवढं लिहायचं राहिलं.

३

रविवारी सकाळी अप्पाशास्त्री पंतांच्या घरी आले ते पेढे घेऊनच. पंतांची धाकटी मुलगी गोदा. तिच्यासाठी शास्त्रीबुवांच्या पुतण्याचं स्थळ चार महिने लोंबकळत पडलं होतं. शास्त्रीबुवांनी होकार दिला आणि वर म्हणाले, "काल तुम्ही सभेची अब्रू राखलीत."

पंतांनी पेढा तोंडात घातला. तो गोड लागेना.

दुपारी त्यांनी इतिवृत्ताची वही पुन्हा उघडली. सवयच ती. आणि आपल्याच सुंदर अक्षरात त्यांना न लिहिलेलं वाक्य दिसलं. आरोपीचा जबाब न घेता निकाल! कचेरीत कोणी कारकुनाने असं केलं असतं तर पंतांनी वही त्याच्या अंगावर भिरकावली असती. त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. त्यांनी पागोटं चढवलं आणि धोंडोपंत मास्तरांचं घर गाठलं. पुढच्या दाराशी बसलेले मोजणारे ते हेच.

"मास्तर, काळुराम तुमच्या दाराने दोनदा गेला का?"

"छे हो. एकदाच."

"शपथेवर सांगाल?"

"सांगेन की. त्याचे पाय का लपतात? मिठाने चिरलेल्या टाचा, भेगांत पांढरं बसलेलं. अंधारातसुद्धा ओळखू येतात. दर वेळी तो कोणत्या दाराने गेला हे आम्हां दोघा मोजणाऱ्यांना ठाऊक असतं." मास्तर हसले, आणि हसता हसता गप्प झाले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं असावं.

पंतांनाही कळलं. सगळ्यांची भीड राखायला टांगलेली घोंगडी एका माणसाच्या उपयोगाची कधीच नव्हती. तेरा जणांचं मत झाकलेलं होतं आणि चौदाव्याचं उघडं, आणि दोन वर्षांत हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मग काल हे का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलंच नाही, पंत. तुम्ही सहदेवाला विचारलंत. मला नाही."

"कधी गेला तो?"

"शेवटी. तुम्ही त्याचं नाव नेहमी शेवटीच पुकारता ना? नाव ऐकलं, पाय आले, मी सातवा चिंचोका टाकला. त्यानंतर माझ्या दाराने कोणीही गेलं नाही."

पंत उठले. काळुराम निर्दोष होता, आणि ते सिद्ध करायला एक प्रश्न पुरला असता. तो प्रश्न विचारणं ज्याचं काम होतं त्याने पेढा खाल्ला होता.

४

सहदेव सोनाराचं दुकान रविवारीही उघडं होतं. पंतांना पाहताच त्याच्या हातातली फुंकणी खाली आली.

"सहदेवा, काल मी तुला अर्धाच प्रश्न विचारला. आता पुरा सांग. शेवटचा चिंचोका कधी टाकलास?"

"काळुरामचं नाव ऐकलं, त्यानंतर. थोडा वेळ गेला. मग पाय आले, बाहेर गेले. मी टाकला आठवा."

"काळुरामचे पाय होते ते?"

सहदेवाने मान हलवली. "नाही. म्हणूनच मनात अडकून राहिलंय. काळुरामचे पाय मी ओळखतो. हे गोरे होते. मऊ. टाचेला भेग नाही. जरा वेळाने तेच परत आत आले, आणि येताना ओले होते. माजघराच्या फरशीवर ठसे उमटले." तो घुटमळला. "मला वाटलं शास्त्रीबुवा असतील. मग कसा बोलू, पंत? माझं गिऱ्हाईक ते."

 गोदेचं स्थळ पंतांच्या डोळ्यांसमोर आलं आणि गेलं. पण शिरस्तेदार एकदा जागा झाला की झोपत नाही. अप्पाशास्त्र्यांचं नाव पहिलंच पुकारलं होतं. ते त्या वेळी रस्त्यावर बाकीच्या बारा जणांत उभे होते. बारांच्या मधून निसटून परत आत जायचं आणि कोणाला कळायचं नाही, हे शक्य नव्हतं. उरला तो काळुराम, आणि त्याचे पाय तर हे नव्हते.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून पंतांनी बोटं मोजली. काळुरामच्या नावानंतर दोन्ही मडक्यांत एकेक चिंचोका पडला. पुढचा काळुरामचा. म्हणजे मागचा अशा माणसाचा, ज्याचं नाव पुकारलंच गेलं नाही. चौदांपैकी कोणीही नव्हे. मग परकाच कोणीतरी घरात शिरला असला पाहिजे. मागच्या परसातून, भिंतीवरून, कसाही.

पंतांना या विचाराने केवढं हलकं वाटलं! परका चोर सापडला की सगळ्यांचीच सुटका. ते तसेच झपाझप हौसाबाईंच्या घराकडे निघाले.

५

हौसाबाई विधवा. नवऱ्याच्या इच्छेखातर त्यांनी सभेला दिवाणखाना दिला होता. सभा चाले तेव्हा त्या आतल्या खोलीत असत, आणि बाहेरचे सतरा पुरुष त्यांना विसरून गेलेले असत. पंत आले तेव्हा त्या मागच्या पडवीत होत्या.

"वहिनी, काल परसात कोणी परका आला होता का?"

"परका नाही. काळुराम आला होता."

"तो खरंच पाण्याला आला होता?"

"येतोच की दर शनिवारी. कुंपणापलीकडे उभा राहतो. मी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतते. सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील, म्हणून बोलत नाही कोणाला." त्यांनी पदर सारखा केला. "काल त्याने माझं नाव घेतलं नाही, ते मी आतून ऐकलं. मला बाहेर यायला हवं होतं. पाय उचलला नाही माझा."

 पंतांनी विचारलं, "पडवीत आणखी कोणी आलं होतं? मागच्या दाराने? ओल्या पायांनी परत गेलेलं?"

हौसाबाईंनी त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं.

"पडवीतल्या घड्याखालची फरशी सदा ओली असते. तिथे पाणी प्यायलं की पाय ओले होणारच. काल त्या घड्याला एकाच माणसाने हात लावला."

"कोणी?"

"अहो पंत, तुम्हीच की."

पंत पडवीत तसेच उभे राहिले. घडा समोर होता. त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र होतं. दोन घोट पाणी. दिवाणखान्यातून माजघरात, मागच्या दाराची घोंगडी बाजूला सारून पडवीत, आणि तसंच परत. नावं न पुकारलेली माणसं घरात तीन होती. दोन मोजणारे आणि तिसरे सभापती. मडकी, दारं, पाय, सगळं मोजताना पंतांनी एकच माणूस धरला नव्हता. ते स्वतःला मोजायच्या गोष्टींत धरतच नव्हते. त्यांना पक्ष नव्हता ना!

हा नुसता विसर असता तर पंत हसून मोकळे झाले असते. पण घसा का कोरडा पडला होता? सातास सात होणार हे त्यांना दिसत होतं. खुर्ची टोचू लागली म्हणून ते उठले होते. आणि आठ चिंचोके पाहताच काळजावरचा धोंडा उतरला होता, हेही त्यांना लख्ख आठवलं. त्यांना इतकी शरम वाटली की हौसाबाईंचा निरोपही न घेता ते परसातूनच बाहेर पडले.

६

पुढच्या शनिवारी सभा भरली. काळुरामची सतरंजीच्या कडेची जागा रिकामी होती. पंतांनी उभं राहून सगळं सांगितलं. धोंडोपंतांचं म्हणणं, सहदेवाचं म्हणणं, घडा, ओले पाय. हौसाबाईंनी निरोप पाठवला होता की माझंही नाव घ्या. तेही त्यांनी घेतलं.

"पंधरावा चिंचोका माझ्या पायांचा. तो काढून टाका. सातास सात झाले. काळुरामचं नाव पटावर परत घेतलं आहे."

 मग वकील हळूच म्हणाले, "म्हणजे आता सभापतींचं मत."

अप्पाशास्त्री खाकरले. "विलायतेची रीत अशी आहे की सभापतीने आपलं मत जैसे थे ठेवण्याकडे द्यावं. म्हणजे नवे सभासद नकोत."

"जैसे थे म्हणजे सरकार होतं तसं ठेवणं," वकील उसळले. "ठराव विश्वासाचा होता!"

"दोघांचंही बरोबर आहे," पंत म्हणाले. "म्हणून रीत आज माझ्या कामाची नाही. तिच्याआड लपायचं मी ठरवलं होतं, हे मात्र खरं."

ते खुर्चीवरून उतरले. माजघरात गेले. खिळ्यावरून आधी मागच्या दाराची घोंगडी काढली, मग पुढच्या दाराची. माजघरात उजेड पडला. सगळ्यांच्या देखत ते पुढच्या दाराने बाहेर गेले आणि वळसा घालून परत आले.

भिवा आणि गणू सभासद झाले. वकिलांचं सरकार तरलं. अप्पाशास्त्र्यांनी काठी उचलली, वहाणा पायांत सरकवल्या आणि उंबऱ्यातून म्हणाले, "गोदेचं पुन्हा बघू, पंत."

बघू म्हणजे काय ते दिवाणखान्यातल्या प्रत्येकाला कळलं. पंतांनी सभापतिपदाचा राजीनामा वहीत घातला, वही काखेत मारली आणि ठाकुर्लीची वाट धरली.

७

मिठागराच्या बांधावर वहाणा घसरू लागल्या, म्हणून पंतांनी त्या हातात घेतल्या. उन्हात मिठाच्या राशी डोळ्यांना झोंबत होत्या. काळुराम खाऱ्या पाण्यात उभा राहून फळीने मीठ ओढत होता. त्याची बायको ठमाबाई पाटी भरत होती. पंतांना पाहून ती लगबगीने घराकडे वळली.

पंत बांधावर बसले आणि घडलेलं सगळं सांगून मोकळे झाले. काळुराम फळीला टेकून ऐकत होता.

"घोंगडीबी काडली मी," पंत शेवटी म्हणाले. बोलता बोलता त्यांच्याही तोंडी त्याचीच बोली आली होती.

"बरा केला. ती माज्यासाटी कवा नव्हतीच." काळुरामच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे पंतांना आणखीच कसंतरी झालं. "माजे पाय सगल्यांना ठावं व्हते, पंत. तुमचे मातुर कोनी वलखले नाय. तुमी सोतासुदिक."

पंतांनी खाली पाहिलं. चिखलात माखले तरी त्यांचे पाय मऊच दिसत होते. त्या पायांना भेग नव्हती.

ठमाबाईने पितळी तांब्यातून पाणी आणून समोर ठेवलं आणि ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली. पंतांनी तांब्या उचलला.  मग त्यांनी घटाघट पाणी पिऊन टाकलं.  ठमाबाईने रिकामा तांब्या उचलून नेला.

"वही दावा," काळुराम म्हणाला.

त्याने हात लुगड्याच्या चिंधीला पुसले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. त्याचं राहिलेलं वाक्य आता वहीत होतं, "मी एकदाच गेलो." खाली नवी नोंद होती. ती वाचताना तो अडखळला नाही. "सभापती पाणी पिण्याकरिता चुकून मागील दाराने गेल्यामुळे एक मत अधिक मोजले गेले व काळुराम यांजवर नाहक आळ आला."

त्याचं बोट एका शब्दावर थांबलं.

"चुकून?" त्याने वर पाहिलं. "पंत, खरा सांगा. तान लागली व्हती का भ्याव वाटला व्हता?"

खाडीवरून वारा येत होता. लांबवर गाडीची शिट्टी झाली आणि विरली. पंतांना खोटं बोलायला भरपूर वेळ मिळाला.

"भीती वाटली होती," ते म्हणाले.

"मंग तसाच लिवा."

पंतांनी खिसे चाचपले. दौत-लेखणी कल्याणातच राहिली होती. काळुराम पाण्यातून बाहेर आला, घरात गेला आणि एक मातीची दौत आणि तासून तासून आखूड झालेला बोरू घेऊन आला. याच बोरूने त्याने भिवाला आणि गणूला अक्षरं शिकवली होती. दौत बांधावर ठेवून तो पंतांच्या शेजारी बसला.

पंतांनी वही मांडीवर घेतली. 'चुकून' या शब्दावर एक रेघ मारली. वर लिहिलं, 'भिऊन'. शाई फिकी होती, अक्षर वेडंवाकडं आलं. काळुरामने ते एकदा वाचलं, शाई वाळायला वहीवर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि उठून तो पुन्हा पाण्यात उतरला.